पाण्यात काय बुडतं?

‘पाण्यात टाकलं तर काय बुडतं?’ साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि ठकी म्हणाली, ‘मामंजी.’

साहेबांनी मान वर केली नाही. डाव्या हातातलं घड्याळ दाबून बंद केलं, निळ्या पेन्सिलीनं तक्त्यात एक शब्द लिहिला आणि पुढची चिठ्ठी उचलली. मी पाण्याचा तांब्या ठेवायच्या निमित्तानं पुढं गेले. मुलींच्या पाट्या समोरून बघून बघून मला उलटं वाचायची सवय झाली होती. ठकीच्या नावापुढं लिहिलं होतं, ‘मंदबुद्धी’.

साहेबांच्या कागदावर या प्रश्नाचं उत्तर होतं दगड. ठकीला ते येत नव्हतं असं कुणी समजू नये. ठकीच्या नवऱ्याचं नाव दगडू. त्या काळी बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, आणि नावासारखा शब्दही तोंडातून काढायचा नाही, ही रीत होती. पांडुरंगाची बायको पांढऱ्या गाईला ‘दुधाच्या रंगाची’ म्हणायची. मग ठकीनं धोंडा म्हणायचं होतं, असं शहाणे म्हणतील. ठकीच्या सासऱ्याचं नाव धोंडिबा. दोन्ही दारं बंद. म्हणून पोरीनं जे जवळचं सापडलं ते सांगितलं. आमच्याकडच्या कुठल्याही बाईला ते कळलं असतं. घड्याळाला कळलं नाही.

त्यानंतर वाचन झालं. साहेबांनी सगळ्या मुलींना एकच उतारा दिला होता. वाटेत मोठा दगड पडलेला असतो, येणारे जाणारे त्या दगडाला नावं ठेवतात, शेवटी एक मुलगा तो दगड हलवतो. बोध चांगला होता. दगड हा शब्द त्यात नऊ वेळा होता. ठकीनं बाकी सगळं घडाघडा वाचलं आणि नऊ वेळा गप्प बसली. साहेबांनी लिहिलं, ‘शब्द गाळते. दृष्टिदोष?’

हे काही गमतीत सोडून देण्यासारखं नव्हतं. नगरच्या एका वसतिगृहात आमच्या डोंगरी भागातल्या मुलींसाठी तीन फुकट जागा निघाल्या होत्या. तिथं राहून सातवीची फायनल द्यायची, मग मास्तरीण व्हायचं. ठकी बारा वर्षांची होती. जागा मिळाली तर सासरची माणसं चार वर्षं थांबायला तयार होती. नाही मिळाली तर वैशाखात तिला नांदायला जायचं होतं. बाराव्या वर्षी नांदायला जाणं म्हणजे काय, ते मी इथं लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

आता माझं काम सांगते, कारण आजच्या लोकांना असं काही काम होतं हेच ठाऊक नाही. मी मुलींच्या शाळेत बोलावणारी बाई होते. आमचं गाव राजूरच्या बाजारापासून दोन कोसांवर, बोर्डाची मुलींची शाळा, चार इयत्ता आणि एक गुरुजी. मुली आपण होऊन शाळेत येत नसत आणि आया आपण होऊन पाठवत नसत. रोज सकाळी दारोदार जाऊन मुली गोळा करायच्या, रांगेनं शाळेत आणायच्या, संध्याकाळी ज्याच्या त्याला परत करायच्या. माझं माहेर नगरचं, शिक्षण चौथी. सतराव्या वर्षी नवरा गेला, पदरात काही नव्हतं, म्हणून ही नोकरी. समाजसेवा वगैरे शब्द मी नंतर ऐकले.

कामात अक्कल लागायची. ‘पोरीला ताप हाय’ असं आईनं दारातून सांगितलं की आत जाऊन कपाळाला हात लावायचा. एकीनं तर मुलीला धान्याच्या कणगीत लपवलं होतं. मी मुकाट्यानं ओट्यावर बसले, पोरीला शिंक आली, काम झालं. बऱ्याच ठिकाणी मुलगी अडकलेली असायची ती जात्याला. मग मी बसून अर्धी पायली नागली दळून द्यायची आणि मुलगी सोडवायची. माझ्या दंडात जोर आहे तो त्या शिक्षणप्रसाराचा.

लढाई संपत आली होती तेव्हाची ही गोष्ट. घासलेट मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं, पण संशोधक मिळायला लागले होते. त्या माघात आमच्या गावाला एकदम दोन लाभले.

पहिले साहेब. ते मुंबईकडच्या कुठल्याशा कॉलेजात होते आणि मोठ्या पदवीसाठी ग्रंथ लिहीत होते. नगरच्या जागांसाठी मुली निवडायचं कामही त्यांच्याकडंच दिलं होतं. गुरुजींच्या शिफारशीत वशिला असतो, साहेबांच्या परीक्षेत शास्त्र असतं, असं वरून लिहून आलं होतं. साहेबांचं म्हणणं असं की बुद्धी ही माणसाच्या डोक्यात भरलेली असते, जशी कणगीत नागली. ती किती आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून माप लावायचं. माप सगळ्यांना सारखं लावायचं. मापणाऱ्यानं हसायचं नाही, सुचवायचं नाही, मध्ये कुणी बोलायचं नाही, नाहीतर माप खोटं होतं. ऐकायला चोख वाटतं. त्यांनी सगळ्या मुलींना विचारलं की आगगाडीच्या डब्याला चाकं किती. आमच्या डोंगरात आगगाडी कुणी पाहिलेली? बहुतेकींनी दोन सांगितली, बैलगाडीच्या हिशेबानं. मी साहेबांना म्हटलं की यांना नांगराचं विचारा. ते म्हणाले, ‘बाई, सर्वांना समान प्रश्न, हाच न्याय.’ मी म्हटलं, बरं.

दुसऱ्या ताई. या पुण्याच्या, खादीचं जाडं लुगडं नेसलेल्या, माझ्याच घरी उतरलेल्या. त्यांना साहेबांच्या मापांची चीड होती. त्यांचं म्हणणं, माणूस म्हणजे काही नागली नाही. प्रत्येकीचं जग वेगळं, ते तिच्याच डोळ्यांनी बघायचं, तिचेच शब्द लिहून घ्यायचे. हेही ऐकायला चोख. त्या विचारत काही नसत, बघत असत. मुलींबरोबर शेण्या वेचायला जायच्या, शेण्या सोडून सगळं वहीत गोळा करायच्या. मी चूल पेटवताना किती वेळा फुंकते तेही लिहिलं होतं. फक्त एकदा त्यांनी मला विचारलं की लोकांच्या दारात उभं राहताना मला आतून काय वाटतं. मी म्हटलं, पाय दुखतात. त्यांनी लिहून घेतलं आणि बराच वेळ त्याखाली रेघा मारल्या.

साहेब आणि ताई एकमेकांशी बोलत नसत. शाळेच्या ओसरीच्या या टोकाला साहेबांचं टेबल, त्या टोकाला ताईंची चटई. मध्ये मुली.

तर मंदबुद्धी हा शब्द वाचल्यावर मी आधी ताईंकडं गेले. बाई आहे, तिला कळेल. त्यांना कळलं, अगदी नीट कळलं. मामंजी हा शब्द ऐकल्यावर त्यांचे डोळे भरून आले आणि हात वहीकडं गेला. मी म्हटलं, ताई, आता साहेबांना तेवढं सांगा, तुमचं इंग्रजी ते ऐकतील.

ताई म्हणाल्या, ‘चंद्राबाई, मी इथं समजून घ्यायला आले आहे. मध्ये पडले तर जे आहे ते जसंच्या तसं राहणार नाही.’

मी म्हटलं, ते तसंच राहू नये म्हणूनच सांगतेय. त्यांनी माझ्याकडं फार मायेनं बघितलं. तेही लिहिलं असणार.

मग गुरुजी. गुरुजी म्हातारे होते, म्हणूनच मुलींच्या शाळेवर नेमलेले. त्यांना बुद्धी म्हणजे काय आणि जग म्हणजे काय यात रस नव्हता. ज्यानं काम होतं ते खरं, असा त्यांचा सरळ हिशेब. मुलींना अंक शिकवताना ते चिंचोके चालले तर चिंचोके आणि नाही चालले तर चापट, दोन्ही वापरत. त्यांनी ठकीला बोलावलं, पाटी दिली आणि म्हणाले, लिही. नाव तोंडानं घ्यायचं नाही, हातानं लिहायला कुणी बंदी केलेली नाही. ठकीनं वळणदार अक्षरात लिहिलं, ‘दगड’. आम्ही दोघं पाटी घेऊन साहेबांकडं गेलो.

साहेबांनी पाटी बघितली. म्हणाले, चाचणी तोंडी आहे. तोंडी चाचणीचं लेखी उत्तर धरता येत नाही.

मी म्हटलं, ‘साहेब, तुमच्या घरी बाईसाहेब तुम्हाला काय म्हणून हाक मारतात?’

गुरुजींना खोकला आला. साहेबांचे कान लाल झाले. ते म्हणाले, ‘प्रश्न माझ्या घरचा नाही. प्रश्न प्रमाणित चाचणीचा आहे. मुलीनं मला तोंडानं उत्तर द्यावं, मी पुन्हा एकदा विचारीन. त्यापलीकडं मला काही करता येणार नाही.’

एवढं म्हणाले, हे त्यांच्या बाजूनं नोंदवते. माणूस वाईट नव्हता.

आता पुन्हा विचारणार म्हणजे ठकीनं म्हणायचं. गुरुजींनी तिला पुष्कळ समजावलं. ती माझ्याकडं बघायची आणि मान हलवायची. आणि इथं माझा भाग येतो, जो मी गुरुजींना सांगितला नव्हता.

आठव्या वर्षी ठकीचं लग्न झालं तेव्हा तिची सासू, बायजाबाई, शाळा बंद करा म्हणाली होती. शिकलेल्या पोरी रीत सोडतात, नवऱ्याचं नाव घेऊन हाका मारतात, असं तिनं ऐकलं होतं. ती माझ्या कामातली सगळ्यात अवघड सासू. तिच्या घरी मी तीन खेपा घातल्या, पायलीवर पायली दळलं. शेवटी मी ठकीला गावदेवीच्या देवळात नेलं, तिचा हात देवीच्या पायांवर ठेवला आणि सासूसमोर वदवून घेतलं की शाळेत असताना नवऱ्याचं आणि सासऱ्याचं नाव कधी तोंडातून काढणार नाही. त्यावर शाळा चालू राहिली. त्या दिवशी मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं. पोर चार वर्षं तो शब्द पाळत होती. साहेबांसमोर ती गप्प बसली ती माझ्यामुळं.

म्हणून दुसऱ्या दिवशी मुली शाळेत सोडल्या आणि मी बायजाबाईच्या गावाला चालत गेले. ती अंगणात नागली पाखडत होती. मी सगळं सांगितलं. पाखडणं न थांबवता ती म्हणाली, ‘पान्यात काय बुडतं, हे त्या सायबाला ठावं न्हाई व्हय? मग त्यो कशाचा सायब?’

मी म्हटलं, त्यांना माहीत आहे, पण तिला माहीत आहे का ते बघायचं आहे.

‘आन तिनं नाव घेतलं, माझ्या लेकाला काय झालं, तर तू भरून देतीस का?’

मी म्हटलं, नाही. पण मास्तरीण झाली तर तुझ्या लेकाला डोंगरात लाकडं फोडायला लागणार नाहीत. यावर तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, ‘मी येते. मला बघायचंय त्यो सायब.’

बायजाबाई आली ती नवं लुगडं नेसून, शाळेच्या ओसरीवर, सगळ्या मुलींसमोर. ताईंनी चटई पुढं ओढून घेतली. साहेबांना अशी माणसं चाचणीच्या वेळी चालत नसत, पण बायजाबाईला जा म्हणणारा अजून जन्मायचा होता. तिनं त्यांना समजावून द्यायला सुरुवात केली. पोरीच्या नवऱ्याचं नाव दगडू, ते तिला घेता येत नाही. मुलाचं नाव बायजाबाईला घेता येत होतं, तिथवर ठीक होतं. पुढं ती म्हणाली, ‘आन दुसरा सबुद बी तिला म्हनता येत न्हाई, कारन तिच्या सासऱ्याचं नाव...’ आणि थांबली.

साहेब म्हणाले, ‘काय आहे त्यांचं नाव?’

बायजाबाईनं पदर सावरला. ‘सांग की गं चंद्रे.’

मी सांगितलं, धोंडिबा. मुली हसल्या. साहेबही हसतील असं मला वाटलं, कारण समोर अख्खी बाई त्यांच्या मापात नापास झाली होती. ते हसले नाहीत. मापणाऱ्यानं हसायचं नसतं. त्यांनी घड्याळ दाबलं आणि विचारलं, पाण्यात टाकलं तर काय बुडतं?

ठकी गप्प.

‘म्हन गं,’ बायजाबाई म्हणाली. ‘मी सांगते, म्हन.’

ठकीनं सासूकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. देवीच्या पायांवर हात मी ठेवायला लावला होता. घड्याळ टिकटिकत होतं. मी म्हटलं, ‘म्हण, ठके.’

‘दगड,’ ठकी म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, आणि लगेच दोन्ही हात तोंडावर धरले.

साहेबांनी घड्याळ बंद केलं. वेळ बघितली, ती ठरल्यापेक्षा जास्त झाली होती. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि गुरुजींना म्हणाले की हे उत्तर दोन त्रयस्थ व्यक्तींच्या सांगण्यावरून आलेलं आहे. सुचवलेलं उत्तर धरता येत नाही. पण मुलीला मंदबुद्धीही आता म्हणता येत नाही. म्हणून तिचा कागद गणतीतून वगळावा लागेल. पट्टी लावून त्यांनी ठकीच्या नावावर एक सरळ रेघ मारली. फार सुबक रेघ होती. मला वाटतं ते खरोखर समजत होते की आपण तिच्यावर उपकार करतोय.

बायजाबाईला गणती म्हणजे काय ते कळलं नाही. जागा मिळाली नाही एवढं कळलं. ती ओरडली नाही. मला म्हणाली, ‘नाव बी घ्यायला लावलंस आन जागा बी न्हाई. आता माझ्या पोराला काय झालं तर तुझ्या दारात येऊन बसंन.’ आणि ठकीचा हात धरून पायऱ्या उतरली. वैशाखाची वाट बघितली नाही. ठकीची पाटी ओसरीवरच राहिली.

माझं काम मुलींना घरातून शाळेत आणायचं. त्या दिवशी मी एका मुलीला शाळेतून सासरी पोचवलं, तेही तीन महिने आधी. मी गेले नसते तर निदान ते तीन महिने तिचे होते. ताई त्या संध्याकाळी मला म्हणाल्या की मी स्वतःला दोष देऊ नये, दोष व्यवस्थेचा आहे. मी त्यांना म्हटलं की तुम्ही उद्या तुमचं जेवण तुम्हीच बघा. हे मी वाईट बोलले, पण मागं घेत नाही.

नगरच्या तीन जागा तीन मुलींना मिळाल्या, मार्कांप्रमाणं. त्यातली एक दोन महिन्यांत रडून परत आली. घर सुटलं की रडू किती येतं, ते साहेबांच्या मापात नव्हतं. त्या जागेवर ठकीला घ्या म्हणून गुरुजींनी अर्ज लिहिला. उत्तर आलं की या नावाची मुलगी तपासलेल्यांच्या यादीत नाही.

दोन वर्षांनी साहेबांना पदवी मिळाली. त्यांच्या ग्रंथात आमच्या शाळेचं एक पान आहे, सगळे आकडे. त्यात ठकी नाही. ताईंचंही पुस्तक निघालं, त्यांनी मला एक प्रत पाठवली. त्यात ठकीवर आठ पानं आहेत, चांगली लिहिलीत, मी दोनदा वाचली. ओळख पटू नये म्हणून तिचं नाव मात्र ‘क’ ठेवलंय. मी हे दोन्ही ग्रंथ गुरुजींना दाखवले. ते म्हणाले, आता पुढं काय करायचं ते बोला. मी ठकीच्या सासरी जाऊन यायचं ठरवलं, पण तिथं दाखवायला मला तोंड नव्हतं. ते राहिलं ते राहिलंच.

त्याच वर्षी श्रावणात पटकी आली. आधी नदीकाठच्या वाड्या, मग बायजाबाईचं गाव. लोक घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिले. टोचणीवाले आले तर निम्मे डोंगरात पळाले. शाळा बंद होती, म्हणून मी दारोदार फिरत होते ती पाणी उकळून प्या म्हणून सांगत. माझी सवय तेवढी होती, दारात उभं राहायची. बायजाबाईच्या गावात मला जाऊ दिलं नाही, वेशीवर काटे टाकले होते. तिकडून रोज बातम्या यायच्या. मी रोज एकच विचारायची, दगडूचं काय. खरं सांगते, माझा त्या रितीवर विश्वास नव्हता, आणि तरी विचारायची.

पटकी ओसरल्यावर ताईंचं पुण्याहून पत्र आलं. त्यांना पटकीचं कळलं होतं. साथीच्या काळात गावातल्या बायकांनी मरणाचा अर्थ कसा लावला, आणि विशेषतः ‘क’च्या मनाची अवस्था काय आहे, ते त्यांना सविस्तर हवं होतं. सोबत कोरे कागद पाठवले होते, दहा-बारा.

मी एका कार्डावर उत्तर लिहिलं. बायजाबाई गेली. धोंडिबा गेला. दगडू जगला. ठकी जगली.